थोरल्या घराचा नारळ

परसूनं ड्रॉइंगचा मोठा कागद आमच्या सोप्यात पसरला, उडू नये म्हणून आमच्याच घरातले चार तांबे मागून घेऊन चार कोपऱ्यांवर ठेवले आणि म्हणाला, "बघ दादा, अकरा पिढ्या."

मी बघितलं. बघावंच लागलं, कारण शालन, माझी बायको, चहाचे कप हातात तसेच धरून कधीची बघत उभी होती. कागदावर झाड काढलं होतं. बुंध्यावर मूळपुरुषाचं नाव आणि फांद्याफांद्यांवर त्याची पोरं, नातवंडं, पणतवंडं. अक्षर छापल्यासारखं. सगळं मोरबाळे घराणं त्यानं त्या झाडावर बसवलं होतं. माझं नाव डाव्या फांदीच्या शेंड्याला होतं, त्याचं उजव्या. दोन्ही शेंडे अगदी एका उंचीवर होते, आणि मला पहिल्यांदा तेच खटकलं.

"आम्ही थोरल्या घरचे," मी म्हणालो. "आमची फांदी वर पायजे."

"झाड हाय दादा, जिना न्हाई," परसू म्हणाला.

शालन खळखळून हसली. परसूच्या बोलण्यावर तिला नेहमीच हसू यायचं. माझ्या बोलण्यावर चोवीस तासांत एकदा आलं तरी मिळवली.

"यात्रेला ह्याचा मोठा बोर्ड करायचा," तो पुढं म्हणाला. "देवळाच्या मांडवात लावायचा. बाळूनाना म्हणाले, भावकी पाठीशी हाय."

म्हणजे बाळूनानांना आधी दाखवून झालं होतं. थोरल्या घराचा नंबर नंतर.

ह्या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. परसू आणि मी भावकीतले भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं. मी त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. ते तीन महिने सोडले तर बाकी सगळ्यात तोच पुढं. शाळेत पहिला तो. मी दहावीला दोनदा बसलो, तो गडहिंग्लजला हायस्कुलात इतिहासाचा मास्तर झाला. मी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झालो, तर लोक म्हणाले, बरं झालं, महिपालाही कायतरी मिळालं. माझे स्वतःचे वडील शेवटच्या दुखण्यात मला विचारायचे, "परसू आला न्हाई व्हय आज?" मी त्यांचे पाय चेपत बसलेला असायचो.

माझ्याकडं त्याच्यापेक्षा जास्तीची एकच गोष्ट होती. आमच्या गावच्या, मुगळग्याच्या, लक्ष्मीची यात्रा सात वर्षांनी एकदा भरते. देवी गाड्यात बसली की पहिला नारळ मोरबाळ्यांच्या थोरल्या घराचा. तो फुटल्याशिवाय गाडा जागचा हलत नाही. आजा गेल्यावर तो नारळ वडिलांकडं आला, वडिलांनंतर माझ्याकडं. त्या एका क्षणाला अख्खा गाव माझ्या हाताकडं बघत उभा असतो आणि त्या गर्दीत परसूही असतो. दर सात वर्षांनी मिळणाऱ्या त्या अर्ध्या मिनिटावर मी उरलेली सात वर्षं काढत होतो म्हटलं तरी चालेल.

यात्रा तीन महिन्यांवर आली होती. अशा वेळी हा माणूस मांडवात झाड लावणार, आणि त्या झाडावर दोन्ही फांद्या सारख्या उंचीच्या. मला त्यात काहीतरी शिजतंय असा वास आला.

"एवढी नावं तुला गावली कुठं?" मी विचारलं.

"सिद्धाप्पा हेळव्यानं सांगितली की. दोन सालामागं आला हुता बघ."

त्याला आठवण करून द्यायची गरज नव्हती. हेळवी म्हणजे आमच्या सीमाभागात घराण्यांच्या वंशावळ्या सांभाळणारे लोक. दोन-चार वर्षांनी बैलावर बसून येतात, अंगणात कागदांची चवड सोडतात आणि मूळपुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत नावं म्हणतात. मग घरची बाई सूपभर जोंधळे घालते. घराण्याचा हेळवी ठरलेला, दुसरा कुणी ते कागद वाचत नाही. आमचा सिद्धाप्पा. दोन वर्षांपूर्वी तो रिवाजाप्रमाणं आधी माझ्या दारात आला होता. परड्यातल्या खळ्यावर मळणी चालली होती, डोक्यावर ऊन होतं, मी म्हटलं, "आता कुणाला येळ न्हाई, पुढं जावा." शालनला बरं वाटेना, ती सुपात जोंधळे घेऊन धावली. तर तो म्हातारा हात जोडून म्हणाला, "ह्या घरचं आम्हाला चालत न्हाई आक्का." आणि बैल वळवून परसूच्या दारात गेला. माझ्या दारातलं धान्य चालत नाही, त्याच्या दारातलं चालतं! परसूनं घोंगडं अंथरलं, म्हाताऱ्याला गूळपाणी दिलं आणि दुपारभर वही घेऊन त्याच्यासमोर बसला. भिंतीपलीकडून ती नावं म्हणण्याची लय मला ऐकू येत होती. मी बैलांवर ओरडत राहिलो.

परसू कागद गुंडाळून गेला. शालन म्हणाली, "भाऊजींनी कष्ट किती घेतलेत बघितलासा?"

"त्याला काय काम हाय दुसरं?"

"तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं बघवतच न्हाई."

ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून मी उठून गोठ्यात गेलो.

वैरण टाकता टाकता मला आईची आठवण झाली. दोन्ही घरांत भांडण झालं की आई परड्यात उभी राहून म्हणायची, "आमी अस्सल हाय. धाकट्या घरात कुणाचं पोर आलंय ते इचारा जावा हेळव्याला." आम्ही ते भांडणातलं बोलणं म्हणून सोडून द्यायचो. पण परसूच्या घरात सगळे घाऱ्या डोळ्यांचे, आमच्यात एकही नाही. मी वैरणीची पेंढी हातात धरून तसाच उभा राहिलो. धाकट्या घरात कधीकाळी बाहेरचं पोर आलं असेल, तर हेळव्याच्या कागदात ते असणारच. आणि परसूच्या झाडात ते नव्हतं.

दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढली आणि चिकोडीच्या पुढं सिद्धाप्पाच्या वस्तीवर गेलो. म्हातारा खोपटासमोर बाजेवर बसून दोर वळत होता. मला बघून उठला, बाज झटकली, मला बसवलं आणि आपण खाली बसला. मळणीच्या दिवशीचं त्याच्या तोंडावर काहीच दिसेना.

"मोरबाळ्यांचे कागद बघायचेत," मी म्हणालो.

"हितं न्हाई की ओ मालक. घराण्याचं वाचन घराण्याच्या अंगणात. घरची माणसं बसली पायजेत. वाटंवर वाचलं तर कागदाला पाप लागतंय."

"मग या की अंगणात. मी बोलवायला आलोय."

त्याच्या हातातला दोर थांबला. "तुमी बोलवायलाय?"

"थोरल्या घरानं बोलवायचं न्हाई तर कुणी?"

त्यानं दोर खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मालक, तुमच्यात एक पोर दुसऱ्या वाटंनं आलंय. एरवी आमी नुसती नावं म्हणतो, मास्तरनं खोदून इचारलं म्हणून ते निघालं. मास्तरनं मला हात जोडून सांगिटलंय, मामा, ते भावकीत वाचू नका म्हणून. आता तुमी सांगा. वाचायचं का सोडायचं?"

मला बाजेवरून उडी मारावीशी वाटली. मास्तरनं हात जोडून सांगितलंय! आणखी काय पुरावा पाहिजे?

"वाचायचं," मी म्हणालो. "एक अक्षर सोडायचं न्हाई."

"तुमाला म्हाईत हाय न्हवं ते?"

इथं मी माती खाल्ली. 'नाही, सांगा' एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण परसूला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नाही, हे एका हेळव्यापुढं कबूल करायचं माझ्या जिवावर आलं.

"म्हाईत हाय म्हणूनच आलोय," मी ठसक्यात म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. मला वाटलं, वय झालंय. "मग येतो मी," तो म्हणाला. "तुमी थोरल्या घरचे. तुमचा शब्द म्हंजे शब्द."

मी भावकीत निरोप फिरवला. रविवारी सकाळी माझ्या अंगणात हेळव्याचं वाचन, सगळ्यांनी यायचं, नंतर जेवण. लोकांना नवल वाटलं. बाळूनाना आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंस महिपा. मास्तरचा कागद झाला, आता तोंडानं ऐकू."

शनिवारी परसू दूध संस्थेत आला. मी दुधाला फॅट लावत होतो. रांगेतल्या बायका जाईपर्यंत तो कॅनवर बसून राहिला. मग म्हणाला, "दादा, हेळव्याला कशापायी बोलावलास? कागद तयार हाय की."

"कागद तू लिवलेला. त्यात काय सोडलंयस, काय घेतलंयस, मला काय म्हाईत?"

त्याचा चेहरा उतरला. मी तो चेहरा डोळे भरून बघून घेतला.

"जुनं काय काय असतंय दादा," तो म्हणाला. "आता कुणाला त्याचा उपेग? यात्रा तोंडावर आलीया. नको वाचाय लावू."

"भ्यालास?"

"भ्यालो न्हाई."

"मग झालं तर."

त्यानं माझा हात धरला. "माझं एक ऐक. आजवर तुझ्याकडं काय मागितलं न्हाई. एवढं एक मागतोय. राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा परसू माझ्याकडं काहीतरी मागत होता आणि मला नाही म्हणता येत होतं. ती चव मी जिभेवर घोळवत ठेवली.

"उद्या नवाला वाचन हाय," मी म्हणालो. "घरच्यांस्नीबी घेऊन ये."

रविवारी सकाळी अंगण सारवून शालननं रांगोळी काढली होती. भावकीतली पन्नासेक माणसं जमली. बायका सोप्यात दाटीवाटीनं बसल्या. हेळव्यानं चालत येऊन वाचायचं नाही असा रिवाज, म्हणून मी त्याला एस.टी. स्टँडवरून माझ्या पांढऱ्या खोंडावर बसवून आणलं. मधे पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. सिद्धाप्पानं कागदाच्या चवडीला हळदकुंकू लावलं आणि डोळे मिटून सुरुवात केली.

मूळपुरुष कोकणातून घाट चढून आला. त्याचे तीन लेक. एक निपुत्रिक, एक लढाईला गेला तो परत आला नाही, तिसऱ्यानं मुगळग्याचं रान फोडलं. त्याचा लेक, त्याचे लेक. म्हाताऱ्याचा आवाज अंगणभर घुमत होता. ज्याच्या घराचं नाव येईल तो सावरून बसायचा. मी मात्र फक्त परसूकडं बघत होतो. तो तुळशीच्या कट्ट्याला टेकून, हाताची घडी घालून, जमिनीकडं बघत बसला होता. बेचाळीस वर्षांचा, अंगानं भरलेला, गावात मान असलेला माणूस निकालाला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

"शिवबाचा संतू," सिद्धाप्पा म्हणाला आणि थांबला. संतूपासून आमची दोन घरं फुटतात. संतूचे दोन लेक. थोरला रायाजी, तो माझा पणजा. धाकटा कोंडाजी, तो परसूचा.

सिद्धाप्पानं डोळे उघडले आणि परसूकडं बघितलं. परसू एकदम म्हणाला, "मामा, दोन भावांची नावं घ्या आणि पुढं चला."

"थांबा!" मी उभा राहिलो. माझा आवाज माझ्याच कानांना कर्कश वाटला. "हितं एक गोष्ट हाय. ती मास्तर वाचू देईना. का वाचू देईना, ते आज भावकीला कळू दे. वाचा, सिद्धाप्पा!"

"दादा, बस खाली," परसू म्हणाला.

"वाचा म्हणतोय न्हवं!"

"मालकानं सांगिटलं, मी वाचतो," म्हातारा म्हणाला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "मोठ्या दुष्काळाचं साल. माणसं झाडाचा पाला खायलेली. हेळव्याचं बिऱ्हाड मुगळग्याच्या ओढ्याला उतरलं. त्याची बाई तापानं मेली. मागं दोन म्हयन्याचं पोर. संतू मोरबाळ्याच्या लग्नाला बारा वर्सं झालेली, घरात मूल न्हाई. संतूच्या बायकोनं ओढ्यावर जाऊन पोर पदरात घेतलं. हेळव्यानं पोर दिलं आणि बैलावर बसून गेला. पोराच्या पायानं घरात सुख आलं. चार वर्सांनी बाईची कूस उजवली, कोंडाजी झाला."

अजूनही मी परसूकडंच बघत होतो. कोंडाजी पोटचा, म्हणजे परसू पोटच्याच्या वंशातला. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. बायकांच्यात आधी कुजबूज झाली.

"ओढ्यावरच्या पोराचं नाव ठेवलं रायाजी," सिद्धाप्पानं वाचलं. "रायाजीचा भैरू. भैरूचा दौलती. दौलतीचा महिपती."

महिपती म्हणजे मी.

मागून कुणीतरी, बहुतेक भावकीतल्या पांडबाच्या थोरल्या पोरानं, हसू दाबल्याचा आवाज आला. शालननं पदर तोंडाला लावला होता. सिद्धाप्पा कागद खाली ठेवून माझ्याकडं बघून बोलू लागला, आणि आता तो वाचत नव्हता.

"रायाजीचा बाप म्हंजे माझ्या पणज्याचा सख्खा भाऊ. म्हणून ह्या घरचं जोंधळं आमी घेत न्हाई मालक. आपल्याच घरात कोण सूप पसरतंय? तुमी वस्तीवर आलासा, तवा मला वाटलं, इतक्या वर्सांनी पोर घरी बोलवायला आलं."

मी पाटावरच्या नारळाकडं बघत उभा होतो. हा म्हातारा, ज्याला मी खळ्यावरून हाकललं होतं, माझा भाऊबंद होता. माझी आई परड्यात उभी राहून कुणाला अस्सल म्हणत होती? डोक्यात सगळी खिचडी झाली होती. पण खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त काय टोचलं असेल तर हे, की परसूला हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. दोन वर्षं तो मला दादा म्हणत माझ्या सोप्यात चहा पीत होता आणि मनातल्या मनात मला सांभाळून घेत होता.

पांडबानं घसा साफ केला. "आता इषय निघालाय म्हणून इचारतो. मग पहिला नारळ कुणाचा?"

कुणी उत्तर द्यायच्या आत परसू उठला. शाळेत वर्गाला गप्प करत असेल तसा त्यानं हात वर केला. "नारळ थोरल्या घराचा. रायाजीला आईनं पदरात घेतलं तवाच तो थोरला झाला. नंतर पोटचा झाला म्हणून तिनं त्याला खाली ठेवला न्हाई. मग आपण कोण ठेवणार? नारळ महिपादादाचा हाय आणि ऱ्हाणार. ज्याला पटत न्हाई त्यानं माझ्याशी बोलावं."

आणि सगळीकडून सुरू झालं.

"याला म्हणत्यात मन!"

"हक्काचा मान समोर आला तर कोण सोडतंय ओ आजकाल?"

"मास्तर, पाया पडायला पायजे तुमच्या."

बाळूनानांनी खरोखरच हात जोडले. सोप्यातून कुणीतरी बाई म्हणाली, "देवमाणूस हाय." तो आवाज शालनचा होता.

माझं अंगण, माझा खोंड, माझं जेवण, माझी बेअब्रू, आणि नाव परसूचं! आता दर यात्रेला मी नारळ फोडीन तेव्हा गाव माझ्या हाताकडं बघणारच नाही. गाव परसूकडं बघेल आणि म्हणेल, बघा, ह्यानं दिला म्हणून तो फोडतोय. हेळव्याचा वंश मला चालला असता, भीक मात्र चालणार नव्हती.

मी वाकून पाटावरचा नारळ उचलला. अंगणातून चालत तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेलो. परसू गोंधळून माझ्याकडं बघत होता. मी डोक्याची टोपी काढली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"नारळ कोंडाजीच्या घराचा," मी मोठ्यानं म्हणालो. "शंभर वर्सं आमी सांभाळला. आता ज्याचा त्याला. यंदा देवीला पहिला नारळ परसू देईल."

"दादा, न्हाई," तो पुटपुटला. "असं करू नको."

"थोरल्याचा शब्द मोडतोस?" मी म्हणालो, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग जे झालं ते मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. बाळूनाना रडू लागले. पांडबा पुढं येऊन माझ्या पाया पडला, तो पांडबा, जो मला दूध संस्थेत चोर म्हणायचा. "मागून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी," लोक म्हणू लागले, "महिपानं आपल्या हातानं दिलं." बायकांनी ओवाळायचं ताट आणलं आणि आधी मला ओवाळलं. शालन माझ्याकडं अशी बघत होती, जशी लग्नानंतर पहिल्या चार-सहा महिन्यांत बघायची. परसू हातात नारळ धरून उभा होता आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

सिद्धाप्पा त्या दिवशी आमच्या घरी पाटावर बसून जेवला. सुपातलं चालत नव्हतं, ताटातलं चाललं. शालननं त्याला दोनदा आग्रह करून पोळी वाढली आणि मला म्हणाली, "म्हंजे मी हेळव्याची सून. बरं झालं, निदान तुमच्या घरची नावं तरी पाठ हुतील." पंगतीत सगळे हसले. मीही हसलो. मला त्या दिवशी कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

दुपारी माणसं पांगल्यावर मी गोठ्यात गेलो. बैलांपुढं वैरण टाकत होतो तर मागून परसू आला. डोक्यावर माझी टोपी नव्हती, ती त्यानं हातात चुरगाळून धरली होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"म्हंजे?"

"तू नारळ मला कशापायी दिलास ते त्या सगळ्यांस्नी न्हाई कळलं. मला कळलं. तुझ्याबरोबर वाढलोय मी."

तो गव्हाणीच्या कडेवर टेकला. त्याला धड बसताही येईना.

"आपण सात वर्सांचे हुतो, त्या यात्रंला तुझा बा नारळ फोडत हुता," तो म्हणाला. "तू त्याच्या खांद्यावर बसला हुतास. मी आईच्या पदरामागनं बघत हुतो. आईला म्हटलं, आमचा नारळ कधी? ती म्हणाली, आपला नसतोय बाळ. त्या दिवसापास्नं मला दुसरं काय दिसलं न्हाई दादा. शाळंत पहिला आलो, मास्तर झालो, लोक नावाजायला लागले, पण पोटात तेच. महिपाला नारळ हाय, मला न्हाई. तुझा राग राग केला मी. तुला कधी कळू दिलं न्हाई, एवढंच."

बैलानं वैरणीला तोंड घातलं. मी पेंढी हातात धरून ऐकत होतो.

"आणि दोन सालामागं सिद्धाप्पा मामानं ते वाचलं. अंगावर काटा आला. नारळ माझा! नुसतं तोंड उघडायचं राह्यलं हुतं. दोन वर्सं रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज सांगायचं. रोज गिळलं. झाड काढताना तुझी फांदी माझ्या बरोबरीनं काढली तवा पेन्सिल मोडली हुती हातात. पण न्हाई बोललो. किती जड गेलं ते तुला कळणार न्हाई." त्यानं टोपीनंच डोळे पुसले. "तुझ्यापरास मोठं व्हायची एवढी एकच जागा मला गावली हुती. एवढी एकच. आणि तू उठलास, अर्ध्या मिनिटात नारळ माझ्या हातात दिलास आणि तीबी काढून घेतलीस."

त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. निदान बस म्हणायला हवं होतं, पाणी द्यायला हवं होतं. ते सगळं मी पुढं केलं, वर्षानुवर्षं केलं. आज परसू नाही, आणि नारळ त्याचा लेक फोडतो. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला, शालनलासुद्धा, सांगितलेलं नाही. माझ्या गोठ्यात बसून परसराम मास्तर रडत होता, आयुष्यभर माझ्यावर जळलो म्हणून सांगत होता, आणि देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं.